तीन जमले, चौथा कुठंय? दुवा शोधायच्या कोड्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात शब्दांमधला दुवा शोधायच्या कोड्यांवर प्रश्न मागवले होते. पत्रं आणि मेसेज भरपूर आले, सगळ्यांना इथे उत्तर देणं शक्य नाही, पण बरेचसे प्रश्न एकमेकांसारखेच होते म्हणून त्यातले काही निवडलेत. ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. न्यूयॉर्क टाइम्सचं कनेक्शन्स नावाचं कोडं जून २०२३ मध्ये सुरू झालं. रोज १६ शब्द देतात, त्यातून चार-चार शब्दांचे चार गट लावायचे, प्रत्येक गटात काहीतरी समान दुवा असतो आणि चार चुका झाल्या की खेळ संपला. पिवळा गट सगळ्यात सोपा, मग हिरवा, निळा आणि जांभळा सगळ्यात अवघड. लिंक्डइनवर २०२४ पासून पिनपॉइंट आहे, त्यात पाच शब्द एकेक करून उघडतात आणि जितक्या कमी शब्दांत दुवा ओळखाल तितकं भारी. ब्रिटनमध्ये तर बीबीसीवर ओन्ली कनेक्ट हा कार्यक्रम २००८ पासून चालू आहे, तिथे १६ शब्दांची आख्खी भिंत अडीच मिनिटांत सोडवायची असते. आणि आपण सगळे लहानपणी नाव-गाव-फळ-फूल खेळलोच आहोत, तेव्हा डोक्यात शब्दांचे कप्पे करायची सवय आपल्याला आधीपासून आहे.

प्रश्न : ताई, आम्ही चौघी मैत्रिणी सकाळच्या विरार फास्टमध्ये एकाच मोबाईलवर कनेक्शन्स खेळतो. चर्चगेट यायच्या आत सोडवायचं असं ठरलेलं असतं. पण रोज तेच होतं, तीन शब्द पटकन जमतात, चौथ्यावरून वादावादी होते, मग कोणीतरी घाईत दाबतं आणि अंधेरी यायच्या आत चुका संपतात. आम्ही कुठे कमी पडतोय? (वसई)

कमी कुठेच पडत नाही तुम्ही, फक्त लवकर दाबताय. तीन शब्द पटकन जमले की आनंद होतो आणि चौथा कुठलातरी ओढून-ताणून बसवावासा वाटतो, पण कोडं बनवणाऱ्याने ते तीन शब्द नेमके त्याच आनंदासाठी पेरलेले असतात. तीन जमतात आणि चौथा जमत नाही याचा अर्थ बहुतेक वेळा असा असतो की तो गटच नाहीये.

नुसतं सांगून पटणार नाही म्हणून तुमच्यासाठी मराठीत एक बनवलंय. खालचं उत्तर वाचायच्या आधी आजच्या प्रवासात सोडवून बघा.

दादर, केसर, निकाल, वडाळा
शिडी, फणसवाडी, पायरी, उचकी
हापूस, डोळा, चिंचपोकळी, तोतापुरी
ठेच, जिना, ताडदेव, रायवळ

आता तुम्ही लोकलमध्ये बसलेल्या, तुमची नजर आधी स्टेशनांवरच जाणार. दादर, वडाळा, चिंचपोकळी. झाली तीन. चौथं स्टेशन शोधा, मिळणार नाही. मग कोणीतरी म्हणेल की स्टेशन नको, मुंबईतले भाग धरूया. ठीक आहे, धरा, ताडदेव आणि फणसवाडी पण आले, पण आता झाले पाच! इथेच थांबायचं. पाच झाले की एकही दाबायचा नाही, हा माझा पक्का नियम आहे, कारण पाचातला एक कुठल्यातरी दुसऱ्या गटाचा आहे आणि तो कुठला ते हा गट बघून कळणारच नाही, दुसरे गट बघून कळेल.

मग आंब्यांकडे या. हापूस, केसर, तोतापुरी, रायवळ आणि पायरी. परत पाच! परत थांबायचं. आता असा गट शोधायचा ज्याच्याकडे शब्द कमी पडतायत. शिडी आणि जिना बिचारे दोघंच आहेत, त्यांना कोण मिळेल? पायरी मिळते. म्हणजे आंब्यांतून पायरी बाहेर पडली आणि आंबे बरोबर चार राहिले. शिडी-जिना-पायरीला चौथा हवा, तो दादर, कारण लाकडी जिन्याला दादर म्हणतात. दादर तिकडे गेला की मुंबईतले भाग राहिले वडाळा, चिंचपोकळी, ताडदेव, फणसवाडी, आणि आता बघा, चारही नावांच्या सुरुवातीला एकेक झाड आहे : वड, चिंच, ताड, फणस. दादरच्या पोटात झाड नाही, म्हणून तो इथे बसूच शकत नव्हता. उरले निकाल, उचकी, डोळा आणि ठेच, हे चारही लागतात. निकाल लागतो, उचकी लागते, डोळा लागतो, ठेच लागते.

म्हणजे ज्या गटाला सगळ्यात जास्त उमेदवार आहेत तिथून सुरुवात न करता ज्याला सगळ्यात कमी आहेत तिथून करा. ही एवढी एक सवय लागली तरी तुमच्या निम्म्या चुका वाचतील.

आणि अंदाजाने दाबण्याबद्दल एक हिशोब सांगते. १६ शब्दांचे चार-चारचे गट एकूण २६,२७,६२५ प्रकारे पडू शकतात. एक गट बरोबर लागला की उरलेल्या बारांचे ५,७७५ प्रकार राहतात, दोन गट लागले की आठांचे फक्त ३५. म्हणून पहिला गट खात्रीचा असणं फार महत्त्वाचं, तो कितीही सोपा असला तरी चालेल. तसंच ते ॲप सांगतं ना की फक्त एक शब्द चुकलाय, त्यावर लगेच एक बदलून परत दाबायचा मोह होतो. पण सुरुवातीलाच असं झालं असेल तर चारातला कुठलातरी एक काढून बाहेरच्या बारातला एक घ्यायचा, म्हणजे ४८ शक्यता झाल्या. तेव्हा तो मेसेज आला की तो गट बाजूला ठेवून दुसरीकडे बघा. भांडणाचं म्हणाल तर चौघींपैकी एकीला फक्त एक काम द्या, बाकीच्या जो गट म्हणतील त्यातला एकेक शब्द दुसरीकडे कुठे जातो का ते बघायचं. आमच्या घरी हे काम आलटून-पालटून करतो, फार उपयोग होतो.

प्रश्न : मला पिवळा आणि हिरवा गट जमतो. जांभळा मात्र कधीच आधी ओळखता येत नाही, शेवटी उरले म्हणून ते चार दाबतो आणि उत्तर बघून हळहळतो. बँकेत आयुष्य गेलं, तर्काने विचार करायची सवय आहे, तरी हे का जमत नाही? (मुलुंड, निवृत्त)

काका, तर्काने विचार करता म्हणूनच जमत नसावं, आणि हे मी मनापासून म्हणतेय. पिवळ्या-हिरव्या गटात शब्दाचा अर्थ बघायचा असतो, हे सगळे आंबे, ही सगळी भांडी. जांभळ्यात अर्थ जवळजवळ निरुपयोगी असतो, तिथे शब्दाचा शेजार बघायचा. म्हणजे हा शब्द बोलताना कोणाच्या पुढे येतो, कोणाच्या मागे येतो.

सार्नॉफ मेडनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६२ साली अशीच एक चाचणी मांडली होती. तीन शब्द द्यायचे आणि तिघांशी जुळणारा चौथा शोधायचा. कॉटेज, स्विस, केक, याचं उत्तर चीज. या तिघांचा अर्थाने एकमेकांशी काही संबंध नाही, पण तिघांच्याही पुढे नाहीतर मागे चीज लागतं : कॉटेज चीज, स्विस चीज, चीजकेक. मेडनिकचं म्हणणं असं होतं की लांब-लांबच्या गोष्टी जोडता येणं हेच कल्पकतेचं मर्म आहे. ते पूर्ण खरं असो वा नसो, सरावासाठी ही पद्धत उत्तम आहे आणि मराठीत तर ती फारच रंगते.

करून बघा. जन्म, प्रश्न, शिधा. जन्माचा आणि रेशनचा संबंध शोधत बसाल तर सरकारी कागदपत्रांपर्यंत पोचाल आणि प्रश्न अडकून राहील. पण तिन्ही शब्द मोठ्याने म्हणा आणि मागे काय येतं ते जिभेला ठरवू दे. जन्मपत्रिका, प्रश्नपत्रिका, शिधापत्रिका. आता घर, पाणी, मोज. घर आणि पाणी म्हटल्यावर डोकं लगेच अन्न-वस्त्र-निवाऱ्याकडे धावतं, मोज मात्र कुठेच बसत नाही. अशा वेळी जो शब्द सगळ्यात अडचणीचा आहे त्यालाच धरा. मोजच्या मागे मराठीत फार थोडे शब्द येतात, मोजमाप, मोजदाद, मोजपट्टी. पट्टी मिळाली की घरपट्टी आणि पाणीपट्टी आपोआप आले. बँकेतल्या माणसाला घरपट्टी सांगायला नको!

ही अडचणीचा शब्द धरायची युक्ती मला सगळ्यात जास्त कामी येते. मोकळा-ढाकळा शब्द शंभर ठिकाणी जातो, त्याच्यावर वेळ घालवू नका.

मराठीतली दुसरी मोठी खाण म्हणजे क्रियापद. इंग्रजी कोड्यांवर वाढलेल्यांच्या हे लक्षात येत नाही, पण आपल्याकडे एकेका क्रियापदाच्या अंगणात इतके नाना तऱ्हेचे शब्द बसलेले असतात की त्यावर वर्षभर कोडी निघतील. भाव, मार, गोते, पैसे ही चारही माणूस खातो. तिकीट, दृष्ट, रांगोळी, खोडी ही चारही काढतात. ताप, चेहरा, नशा, माज ही चारही उतरतात. म्हणून चार असंबद्ध नामं दिसली की प्रत्येकाला मारणे, खाणे, काढणे, लागणे, घालणे लावून बघा, मला तर हे रोजचंच झालंय.

तिसरा प्रकार अर्थाचाही नाही आणि शेजाराचाही नाही, नुसत्या आकाराचा. कडक, नमन, समास, डालडा. कडक म्हटलं की चहा आठवतो, समास म्हटलं की शाळेचं व्याकरण, डालडा म्हटलं की तो पिवळा डबा. आता अक्षरं उलटीकडून वाचा, काना-मात्रा अक्षराबरोबरच धरून. चारही तशीच्या तशी राहतात. असा गट ओळखायची खूण एकच : समाससारखा शब्द डालडाच्या शेजारी आला की स्वतःला विचारा, बनवणाऱ्याला हा शब्द का सुचला असेल? सहज न सुचणारा शब्द दिसला तर तो त्याच्या अक्षरांसाठी घेतलेला असण्याची शक्यता बरीच असते.

प्रश्न : माझं इंग्रजी उत्तम आहे, नोकरीही इंग्रजीतच, तरी अमेरिकन कोड्यात आठवड्यातून एकदोनदा असा गट येतो की उत्तर वाचूनसुद्धा कळत नाही. माझं सामान्यज्ञान कमी आहे का? (पवई)

अजिबात नाही. हीट, जॅझ, मॅजिक, थंडर. तुम्ही यात हवामान शोधाल, संगीत शोधाल, जादू शोधाल. प्रत्यक्षात या अमेरिकेतल्या एनबीए बास्केटबॉलच्या टीम आहेत, मायामी हीट, युटा जॅझ, ओरलँडो मॅजिक, ओक्लाहोमा सिटी थंडर. तिकडच्या शाळकरी पोराला हे झोपेत येईल कारण तो घरात रोज ऐकतो.

आता त्याच पोराला ओव्हल, क्रॉस, आझाद, ऑगस्ट क्रांती हे चार शब्द द्या. तो आकार आणि महिने यात हरवून जाईल आणि तुम्ही मात्र मुंबईतली मैदानं आठवून दोन सेकंदांत सांगाल. दुवा शब्दांमध्ये जितका असतो तितकाच तो खेळणारे कुठे राहतात यातही असतो. म्हणून परक्या गावच्या कोड्यात न जमलेला गट मनाला लावून घेऊ नका, त्या दिवशी एक नवी गोष्ट कळली असं समजा. आणि मराठीत अशी कोडी जास्त निघायला पाहिजेत असं मला फार वाटतं, कारण आपल्या माणसाला आपल्या दुव्यांवर जिंकण्याची मजा मिळायलाच हवी.

प्रश्न : हिंट बघणं किंवा एआयला विचारणं म्हणजे चीटिंग का? घरात दोन पक्ष पडलेत. (ठाणे)

न कळलेल्या शब्दाचा अर्थ बघणं यात मला काहीच गैर वाटत नाही, कोश उघडण्यासारखंच ते. पण १६ शब्द एआयला देऊन गट मागितले तर तुमच्या हाती उत्तर येतं आणि उत्तराला इथे काही किंमत नाही, दुवा अचानक दिसतो त्या क्षणासाठीच हा खेळ आहे. दोन्ही पक्षांना हे वाचून दाखवा.

प्रश्न : एखाद्या कोड्यात अडकलो की मी अर्धा-अर्धा तास त्याच शब्दांकडे बघत बसतो. सोडून उठवत नाही. हे बरोबर आहे का की सोडून द्यावं? (परळ)

सोडून द्या, म्हणजे तात्पुरतं. एकदा एक चुकीचा दुवा डोक्यात बसला की तो हलत नाही, आणि जितकं जास्त बघाल तितका तो घट्ट होतो. अब्राहम लुचिन्स यांनी १९४२ साली यावर एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. तीन भांडी, एकात २१ मापं पाणी मावतं, दुसऱ्यात १२७, तिसऱ्यात ३, आणि मोजून १०० मापं घ्यायची. मधलं भरायचं, त्यातून पहिलं एकदा आणि तिसरं दोनदा भरून काढायचं, १२७ वजा २१ वजा ३ वजा ३, झाले १००. लोकांना अशीच गणितं एकामागून एक दिली जी सगळी याच रीतीने सुटत होती. मग दिलं २३, ४९ आणि ३, आणि मागितली २० मापं. इथे सरळ २३ मधून ३ काढले की झालं, पण बहुतेकांनी परत तीच लांबलचक रीत वापरली. शेजारचा सोपा रस्ता त्यांना दिसलाच नाही. हे सगळे हुशार लोक होते बरं का, रीत डोक्यात बसल्यामुळे असं झालं.

तुमचंही तेच होतंय. तर अडकलात की आधी शब्दांच्या जागा बदला, ॲपमध्ये त्यासाठी बटण असतं, कारण पडद्यावर शेजारी-शेजारी दिसणाऱ्या शब्दांची उगाच जोडी जमलेली असते. तरी नाही सुटलं तर मोबाईल ठेवा आणि भाजी आणायला जा, आंघोळ करा, काहीही करा. परत आल्यावर मागच्या दुव्याचा पगडा सैल झालेला असतो. आणि परत बघताना आधीचा गट पुन्हा पडताळू नका, मुद्दाम त्यातल्या एका शब्दाचा दुसरा अर्थ काय होतो तेवढंच शोधा. पात्र म्हटलं तर नाटकातलं, नदीचं, भांडं, लायक. अंक म्हटलं तर आकडा, नाटकाचा भाग, मासिकाचा अंक. असे शब्द मराठीत पोत्याने आहेत.

प्रश्न : माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, पेपरातलं शब्दकोडं रोज सोडवतात. आता त्यांना हा नवा प्रकार शिकायचाय पण इंग्रजी येत नाही. यामुळे विसरभोळेपणा लांब राहतो असं त्यांच्या मैत्रिणी म्हणतात, ते खरं का? (गिरगाव)

दुसऱ्याचं उत्तर आधी देते. कोडी सोडवली की कोडी सोडवण्यात माणूस तरबेज होतो हे नक्की, पण त्यामुळे विस्मरणाचा आजार टळतो असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाहीये. तेव्हा औषध म्हणून खेळू नये आणि विसरणं खरंच वाढलंय असं वाटत असेल तर डॉक्टरांना दाखवावं, कोड्याच्या भरवशावर राहू नये. आवड म्हणून मात्र जरूर खेळावं, चार माणसांत बसून खेळलं तर अजून छान.

आणि इंग्रजीची काहीच गरज नाही. मेथी निवडताना तोंडी खेळता येतं. एकीने तीन शब्द सांगायचे, दुसरीने चौथा सांगायचा. पण चौथा सांगताना दुवा सांगायचा नाही! समजा सासूबाई म्हणाल्या गप्पा, हाक, उडी. तुम्हाला मारणे कळलं तर तुम्ही नुसतं थाप म्हणायचं. त्यांना पटलं तर पुढचा शब्द त्यांनी द्यायचा, मिठी, बाता, फेरफटका, असं करत जो अडकेल तो हरला. यात ७८ वर्षांची बाई तिशीतल्या माणसाला सहज हरवते कारण तिच्याकडे शब्दांचा साठा जास्त असतो, आणि हे त्यांना कळलं की बघा, रोज संध्याकाळी त्याच तुम्हाला बोलावतील.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या गणपतीत १६ शब्दांचं मराठी कोडं ठेवायचंय, पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात. सोबत नमुना म्हणून दोन गट पाठवतोय. गणपतीला वाहतात ते : जास्वंद, दूर्वा, शमी, गुलाब. अत्तरं : केवडा, मोगरा, चंदन, वाळा. चालेल का? (भांडुप, सांस्कृतिक समिती)

कल्पना फार आवडली, पण हे दोन गट असेच ठेवले तर मंडपात वाद होणार. गुलाबाचंही अत्तर असतं, आणि केवडा, मोगरा गणपतीलाही वाहतात. म्हणजे कोणी गुलाब आणि केवड्याची अदलाबदल केली तरी दोन्ही गट तितकेच बरोबर राहतात, आणि तो माणूस बरोबर असूनही तुम्ही त्याला चूक म्हणणार. फसवायला हरकत नाही, फसवायलाच पाहिजे, पण शेवटी उत्तर एकच निघालं पाहिजे.

असं करा. गणपतीला वाहतात त्यात जास्वंद, दूर्वा, शमी, आघाडा ठेवा. अत्तरांत चंदन, वाळा, हिना आणि केवडा. आता लोक केवडा गणपतीकडे ओढतील, तिथे पाच होतील, पण अत्तरांकडे केवड्याशिवाय तीनच राहतात त्यामुळे त्याला परत यावंच लागतं. एका गटात पाच उमेदवार आणि दुसऱ्यात मोजून चार, अशी रचना असली की कोडं फसवं पण होतं आणि प्रामाणिक पण राहतं. तिसरा गट क्रियापदाचा घ्या आणि चौथा तुमच्या भांडुपचा, तिथल्या माणसालाच कळेल असा.

छापायच्या आधी १६ चे १६ शब्द घेऊन प्रत्येकाला विचारा की तू अजून कुठे जातोस. मग एका शाळेतल्या मुलाला आणि एका आजोबांना वेगवेगळं सोडवायला द्या. दोघं वेगळ्या उत्तरावर पोचले आणि दोघांचंही पटलं, तर शब्द बदला, समितीत कितीही आवडलेला असला तरी.

प्रश्न : मी सातवीत आहे. मी पिनपॉइंटसारखं कोडं केलंय. हंडी, नारळ, पेपर, खापर, वाचा. उत्तर फोडणे. बाबांनी दुसऱ्याच शब्दाला ओळखलं. कठीण कसं करू? (लालबाग)

अरे, शब्द इतके छान निवडलेयस की एकही बदलायचा नाही. फक्त क्रम बदल. पाच शब्द एकेक करून उघडणार असतील तर सगळ्यात ओळखीचा शब्द शेवटी यायला हवा, आणि लालबागला हंडी म्हटल्यावर फोडणे कोणाला सुचणार नाही? म्हणून बाबांना लगेच आलं.

पहिला ठेव वाचा. लोकांना वाटेल की वाचा म्हणजे पुस्तक वाचा. लगेच दुसरा दे पेपर. आता तर त्यांची खात्रीच पटेल की हे सगळं वाचनाबद्दल आहे, कोणी वर्तमानपत्र म्हणेल, कोणी परीक्षा म्हणेल. तिसरा खापर आला की सगळे गडबडतील, कारण खापर काही वाचता येत नाही. हुशार माणूस इथेच ओळखेल, वाचा फोडणे, पेपर फोडणे, खापर फोडणे. नाही ओळखलं तर चौथा नारळ, आणि हंडी पाचवी. बाबांना आता उत्तर माहीत झालंय, तेव्हा शेजारच्या काकांवर करून बघ, आणि ते कितव्या शब्दाला ओळखतात ते मला कळव.